उरणचं गॅस वीज केंद्र : साडेतीन स्टार

कॉलेजच्या ट्रिपला महाजनकोचं (म्हणजे राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचं) उरणचं गॅस पॉवर स्टेशन बघितलं होतं, ६७२ मेगावॅटचं. राख नाही, कोळशाची धूळ नाही, पण आवाज असला की कानात बोळे घालूनही डोकं भणभणतं. भारी गोष्ट म्हणजे संध्याकाळी सोलर झोपलं आणि घरोघरी एसी-मिक्सर चालू झाले की गॅस टर्बाइन काही मिनिटांत लोड उचलू शकतो, कोळशाचा थंड बॉयलर तापायलाच तासन्‌तास जातात राव. शिवाय टर्बाइनचा गरम धूर वाया न घालवता त्यावर वाफ करून ६७२ पैकी २४० काढायची सोय आहे. दीड स्टार कापला कारण गॅसच पुरेसा मिळत नाही, पंगत बसलीय आणि सिलिंडर संपला, तसली गत.