भजनाची लय चढवायला कीबोर्ड कसा वाटला : यामाहा पीएसआर-एसएक्स७००, वापरून लिहितोय

सगळ्यात आधी सांगतो, हा पूर्ण रिव्ह्यू नाही. पियानोचा आवाज कसा, स्पीकर कसे, यावर खूप जणांनी लिहिलंय. मला एकाच गोष्टीवर लिहायचंय ती म्हणजे टेम्पो (ठेक्याचा वेग, मिनिटाला किती ठोके तो आकडा), कारण आमच्या भजनी मंडळात कीबोर्डचं खरं काम तेच आहे आणि दुकानात डेमो घेताना नेमकं तेच कुणी तपासत नाही.

आमचं मंडळ सोसायटीतलं, दर गुरुवारी भजन. आधी तबल्यावर काका असायचे. काका असताना लय हा विषयच नव्हता, गजर सुरू झाला की ते आपोआप ओढत न्यायचे, बायका टाळ्यांवर, पुरुष टाळांवर, आणि शेवटी शेवटी अशी लय चढायची की बसलेला माणूस उठून उभा राहायचा. मग काकांचे गुडघे गेले, मांडी घालून तासभर बसणं बंद झालं आणि ठेका माझ्या कीबोर्डवर आला. काका आता खुर्चीवर माझ्या बाजूला बसतात आणि ऐकतात.

तेव्हा माझ्याकडे दुसरा कीबोर्ड होता, कंपनीचं नाव लिहीत नाही, तो घरी शिकायला ठीकच होता. पण एका एकादशीला गजर ऐन रंगात असताना मी ठेका बदलायला दुसरी स्टाइल (कीबोर्ड आपोआप वाजवतो तो तयार ठेका) लावली आणि टेम्पो ११८ वरून धाडकन ८४ वर, त्या नव्या स्टाइलच्या मूळ टेम्पोवर. टाळ एका लयीत, कीबोर्ड दुसऱ्या लयीत, तीस पस्तीस माणसं एकदम अडखळली. काका काही बोलले नाहीत, फक्त हाताने मांडीवर लय धरून लोकांना परत आणलं. मला ते फार लागलं. त्यानंतर पैसे साठवून हा घेतला, तेव्हा लाखाच्या घरातली वस्तू होती, माझ्यासाठी मोठीच.

तर पहिली गोष्ट हीच. यात स्टाइल सेटिंगमध्ये स्टाइल बदलल्यावर टेम्पोचं काय करायचं ते ठरवता येतं, लॉक, होल्ड आणि रीसेट असे तीन पर्याय आहेत. रीसेटला दर वेळी नव्या स्टाइलचा मूळ टेम्पो येतो, होल्डला वाजत असताना बदललं तर चालू टेम्पो तसाच राहतो, लॉकला काही झालं तरी हलत नाही. भजनाला होल्ड ठेवा, डोळे झाकून ठेवा. ठेका थांबवून नवीन भजन घेतलं की त्याचा त्याचा टेम्पो येतो आणि मध्येच केरव्याचा (भजनातला नेहमीचा ठेका) प्रकार बदलला तर लय मोडत नाही. नुसतं हे एक सेटिंग आहे म्हणून मी या कीबोर्डला पैकीच्या पैकी द्यायला तयार आहे.

आता लय चढवायची कशी. टेम्पोला दोन बटणं आहेत, कमी आणि जास्त, डाव्या बाजूला. एकदा दाबलं की एक आकडा, दाबून धरलं की भराभर पळतो. नवीन माणूस हमखास दाबून धरतो, मीही धरायचो, आणि काका लगेच म्हणायचे, अरे गचका बसतोय. मला कळायचं नाही की दहाच आकडे तर वाढवले, एवढा गचका कसा. मग एक दिवस कागदावर हिशोब मांडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमचा गजर साधारण ७६ ला सुरू होतो. ७६ ला दोन ठोक्यांमधलं अंतर ७८९ मिलिसेकंद, ७७ ला ७७९, म्हणजे एका आकड्याने ठोका १० मिलिसेकंद आधी येतो, ते कुणाला कळत नाही. पण एकदम ८६ केलं की तोच ठोका ९० मिलिसेकंदांपेक्षा जास्त आधी, टाळी हवेतच राहते. आणि वर १३२ ला गेल्यावर एक आकडा म्हणजे जेमतेम साडेतीन मिलिसेकंद! म्हणून खालच्या लयीत एक एक, आणि १२० च्या पुढे गेलं की दोन दोन आकडे वाढवले तरी कान तक्रार करत नाही. हे मला कुठल्या क्लासात कुणी सांगितलं नव्हतं.

मी आता असं करतो, दर दोन बारना (म्हणजे आठ ठोक्यांना) एकदा बटण, तेही समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या ठोक्यावर. ७६ पासून १३२ पर्यंत ५६ आकडे होतात आणि या हिशोबाने साडेचार मिनिटं लागतात, आमचा गजर तेवढाच चालतो, बरोब्बर बसतं. समेवर का, तर तिथे टाळांचा सगळ्यात मोठा आवाज असतो, बदल त्याच्या पोटात जातो. मोठी उडी घ्यायचीच असेल तर फिल-इन (ठेक्यात मध्येच येणारा छोटा भरगच्च तुकडा) चालू असताना घ्यायची, फिलमध्ये एवढी गडबड असते की चार आकडे लपून जातात.

हात कुठून आणायचा हा प्रश्न सगळे विचारतात. उजवा हात चालीवर, डावा कॉर्डवर (एकत्र दाबायचे दोन-तीन सूर). पण कॉर्ड दाबून सोडली तरी स्टाइल त्याच कॉर्डवर वाजत राहते, धरून बसायची गरज नाही. भजनात एक कॉर्ड चार चार बार तशीच असते, तेवढ्यात डावा हात बटणाकडे जाऊन परत येतो. सुरुवातीला नजर खाली जायची, आता अंगठ्याला जागा पाठ झालीये.

टॅप टेम्पोबद्दल, म्हणजे बटणावर लयीत बोट मारून टेम्पो देण्याबद्दल, मात्र माझं मत वेगळं आहे. सेटिंगमध्ये तसं ठरवून ठेवलं असेल तर चालू ठेक्यात दोन टॅप दिले की टेम्पो तिथे जातो (नाहीतर तेच बटण ठेका पहिल्यापासून सुरू करतं), ऐकायला फार भारी वाटतं, आणि भजन सुरू करताना गाणाऱ्याची लय पकडायला खरंच उत्तम, बुवांनी पहिली ओळ म्हटली की त्यावर टॅप करून ठेका उचलायचा. पण चालू गजरात नको. ७६ ला असताना तुमचं बोट ४० मिलिसेकंद लवकर पडलं तर कीबोर्ड ८० वर जातो, उशिरा पडलं तर ७२ वर, आणि एवढी चूक माणसाच्या बोटाची होतेच. काकांचं बोट कदाचित चुकणार नाही. मी त्यांना एकदा करायला दिलं, त्यांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि दोन टॅप दिले, आणि ठेका असा बसला जसा काही त्यांनीच डग्ग्यावर हात मारला.

दोन्ही टेम्पो बटणं एकदम दाबली की मूळ टेम्पो येतो, हे भजनात चुकून होऊ देऊ नका, बोटं जवळ जवळ असतात.

शेवट करताना एंडिंगचं बटण, ते ठेक्याचा शेवटचा तुकडा वाजवतं. एंडिंग चालू असताना तेच बटण परत दाबलं की ठेका हळूहळू मंद होत थांबतो. भैरवीला हे इतकं सुंदर लागतं की पहिल्यांदा वाजवलं तेव्हा सगळे दोन सेकंद तसेच शांत बसले होते. पण चढत्या गजराला वापरू नका, तिथे तिहाई (तोच बोल तीनदा) घेऊन तोडायचं असतं. आणि किती मंद व्हायचं ते तुमच्या हातात नाही, कीबोर्ड ठरवतो. बुवा शेवटचा शब्द लांबवणारे असतील तर मी एंडिंग लावतच नाही, ठेका थांबवून हार्मोनियमच्या आवाजात सूर धरून ठेवतो.

अजून एक, लय चढली म्हणजे तोच ठेका पळवायचा असं नाही. एकाच स्टाइलची मेन ए ते डी अशी चार व्हेरिएशन असतात, ए साधं, डी भरगच्च. १३० च्या पुढे भरगच्च व्हेरिएशन मशीनसारखं कडकड वाजतं. तिथे मेन डी वरून परत मेन ए किंवा बी वर या, बोल कमी होतात आणि ठेका मोकळा होतो. काकाही तेच करायचे, द्रुत लयीत बोल गाळून टाकायचे. टेम्पो बदलल्याने सूर मात्र हलत नाही, मोबाइलवर तबल्याचा लूप पळवला की आवाज जसा बिघडतो तसं इथे होत नाही.

न आवडलेलं म्हणाल तर साडेअकरा किलो वजन, चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद असताना कळतं. आणि मांडी घालून वाजवायचा असेल तर स्टँड बुटका लागतो, आम्ही सुताराकडून पाट करून घेतला.

ज्यांच्या मंडळात तबलजी आहे त्यांनी तबलजीच ठेवा, हा घेऊ नका. ज्यांच्याकडे नाही त्यांनी दुकानात जाल तेव्हा आवाज ऐकायच्या आधी एक करा, केरवा लावा, ७६ ला सुरू करा आणि शेजारच्याला टाळी धरायला सांगून समेवर एक एक आकडा वाढवत बघा. त्याला न कळता १०० पर्यंत गेलात तर कीबोर्डही बरोबर आणि तुमचा हातही. गेल्या गुरुवारी आम्ही १३४ पर्यंत गेलो, काकांनी खुर्चीच्या हातावर शेवटपर्यंत ठेका धरला होता आणि एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाही.