पोस्टवरची कॅप: सतरा महिने, दोन वेळा खर्च आणि दोन मिलिमीटर दात

जानेवारीत मेहरूणची बोरं खाताना वरच्या उपदाढेची कॅप पोस्टसकट, म्हणजे मुळात बसवलेल्या काडीसकट, हातात आली. रूट कॅनल, फायबर पोस्ट, कॅप मिळून ११ हजार मोजले होते आणि सात महिनेच झाले होते. आई म्हणाली, "दात पडना का रे?" मला बोलवेना. धातूचा पोस्ट घेतला असता तर टिकला असता, हेच डोक्यात बसलं.

ते मत मी मागे घेतलंय. दुसऱ्याच दिवशी जळगावात वेगळ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यामुळे पुन्हा रूट कॅनल करायची वेळ आली नाही. एक्स-रेत मूळ शाबूत होतं, टोकाशी पाच मिलिमीटर गटापर्चा (रूट कॅनलमध्ये भरतात तो रबरासारखा पदार्थ) राखलेला होता, पोस्टची लांबीही पुरेशी होती. फायबर दातासारखाच थोडा लवतो, म्हणून जोर आला की बहुतेक वेळा सिमेंट सुटतं. धातू लवत नाही, जोर मुळावर जातो. मूळ उभं चिरलं असतं तर दातच काढावा लागला असता.

खरी चूक तासण्यात होती. पहिल्या दवाखान्यात माझा दात हिरडीपर्यंत सपाट करून टाकला होता. कॅपच्या कडेने सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर खरा दात कवेत घ्यावा लागतो, त्याला फेरूल म्हणतात. आपल्याकडे विळ्याच्या मुठीला कडं ठोकतात ना, लाकूड फुटू नये म्हणून? तेच काम. पोस्टने दात मजबूत होत नाही, तो फक्त वरचा भराव धरून ठेवतो. हे मला पहिल्यांदा कुणीही सांगितलं नाही. कॅप झिर्कोनियाची घ्या की मेटल-सिरॅमिकची, यावर मात्र अर्धा तास बोलणं झालं होतं! कॅपचा रंग निवडण्याआधी एवढंच विचारा: हिरडीच्या वर माझा दात किती उरतोय?

मग हिरडी आणि थोडं हाड कापून दात उघडा केला. साडेतीन हजार त्याचे, दोन महिने तात्पुरती कॅप, मग रबर डॅम (दाताभोवती लाळ अडवणारा रबरी पडदा) लावून नवा फायबर पोस्ट आणि नवी कॅप. पहिल्या डॉक्टरांकडे पैशांचा विषय काढला, तर "बोरं कुणी खायला सांगितली" हे ऐकून परत आलो. त्याचा राग अजून आहे.

नव्या कॅपला आता आठ महिने होतील. कळण्याची भाकरी, शेवभाजी, सगळं त्याच बाजूने चावतो, हललेली नाही. हिरडी कापल्यामुळे शेजारच्या दाताला मात्र गार पाणी झोंबतं. दिवाळीनंतरच्या थंडीत ते वाढलंय.