विंडोजच्या आत लिनक्स: डब्ल्यूएसएल की व्हर्च्युअल मशीन?

विंडोज तसंच ठेवून लिनक्स वापरायचं असेल, तर दोन वाटा आहेत. एक मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूएसएल (विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय), दुसरी व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरमधलं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर. बहुतेक जण आधी वेग विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: तुम्हाला लिनक्सवरची साधनं हवी आहेत की अख्खं लिनक्स?

पायथॉन, गिट, डॉकर, शेल स्क्रिप्ट एवढंच काम असेल तर डब्ल्यूएसएल घ्या, फार विचार करू नका. 2016 मधल्या पहिल्या आवृत्तीत लिनक्सचा कर्नलच (सिस्टिमचा गाभा) नव्हता, प्रोग्रामांनी लिनक्सकडे केलेल्या मागण्या विंडोजला समजतील अशा बदलून दिल्या जायच्या. 2020 पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत खरा कर्नल एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो. एक कमांड दिली, मशीन रीस्टार्ट केलं की उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) तयार. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर विंडोजच्या ड्रायव्हरवरच मशीन लर्निंगचं कामही होतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही सोय नाही.

एका गोष्टीने मात्र भल्याभल्यांचा वेळ जातो. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून तो लिनक्समधून चालवला, तर प्रत्येक फाइल दोन सिस्टिमांची हद्द ओलांडून येते. मोठी एकच फाइल असेल तर फारसं जाणवत नाही, पण हजारो बारीक फाइली असलेल्या फोल्डरमध्ये गिटचं स्टेटस (कोणत्या फाइली बदलल्या ते) विचारून बघा, कर्सर लुकलुकत राहतो. तोच फोल्डर लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा, उत्तर लगेच येतं. विंडोज 11 च्या फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे ‘लिनक्स’ दिसतं, तिथून त्या फाइली उघडता येतात. त्यामुळे सी ड्राइव्हचा हट्ट धरायचं कारण उरत नाही.

लिनक्स शिकायचं असेल तर मी ठामपणे व्हर्च्युअल मशीनच सुचवेन. डिस्कचे भाग (पार्टिशन) करणं, बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम), डेस्कटॉप, सिस्टिम सुरुवातीपासून इन्स्टॉल करणं, हे सगळं तिथे हातून होतं. डब्ल्यूएसएलमध्ये यातलं बरंच काही समोर येतच नाही. शिवाय स्नॅपशॉट आहे, म्हणजे मशीनची त्या क्षणीची जतन केलेली अवस्था. एफएसटॅब फाइलमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) एक ओळ चुकली तर सिस्टिम बूट होताना अडकू शकते. आधी स्नॅपशॉट घेतला असेल तर मागे जायला मिनिटही लागत नाही. मोडून शिकायची अशी मुभा प्रत्यक्ष मशीनवर मिळणं कठीण. पण स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला.

या मोकळीकीची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. 8 जीबीच्या मशीनवर पाहुण्या सिस्टिमला (व्हर्च्युअल मशीनमधल्या लिनक्सला) 4 जीबी दिले की दोन्हीकडे ओढाताण होते. 16 जीबीवर निवांत चालतं. डब्ल्यूएसएल लागेल तशी रॅम घेतं, साधारणपणे एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत. लिनक्सची आभासी डिस्क असलेली फाइल मात्र दोन्हीकडे वाढत जाते आणि आतला डेटा पुसला तरी एरवी आपोआप लहान होत नाही.

काहीही घेण्याआधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली व्हर्च्युअलायझेशन (व्हर्च्युअल मशीन चालवायची प्रोसेसरची सोय) ‘एनेबल्ड’ आहे का बघा. नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सुरू करा. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसलं, तर समजा की प्रोसेसरची ती सोय विंडोजच्या हायपर-व्ही या व्हर्च्युअलायझेशनच्या थराने आधीच धरली आहे आणि मशीन त्याच्यावरून संथ चालतंय. डब्ल्यूएसएल 2 हाच थर वापरतं, विंडोज 11 ची मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षासुद्धा. कासव घालवण्यासाठी ती सुरक्षा बंद करू नका.

व्हर्च्युअलबॉक्स की व्हीएमवेअर? व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर 2024 पासून ऑफिसच्या कामासाठीही मोफत आहे, आणि डेस्कटॉपचे ग्राफिक्स मला त्यातच जास्त सुरळीत वाटतात. डाउनलोडसाठी ब्रॉडकॉमचं (व्हीएमवेअरची मालक कंपनी) खातं उघडावं लागतं, तेवढा त्रास. व्हर्च्युअलबॉक्स मुक्त स्रोत आहे, पण त्याचा एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींचा संच) फक्त वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी फुकट आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो टाकण्याआधी परवाना वाचाच.

जड गेम किंवा ग्राफिक्सची पूर्ण ताकद लिनक्समध्येच हवी असेल, तर या दोन्ही वाटा सोडून ड्युअल बूट करा, म्हणजे दोन्ही सिस्टिम मशीनवर ठेवून सुरू करताना एक निवडा.