कायमेराएक्स आठ महिने वापरल्यावर: हिमोग्लोबिनमधले कॉन्टॅक्ट मोजताना

आधीच सांगते, मी स्ट्रक्चरल बायॉलॉजीवाली नाही. विदर्भातल्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी रसायनांना पैसे नसतात, म्हणून लॅपटॉपवर निभेल असं काहीतरी हवं होतं. आणि सिकलसेल आमच्याकडे नुसता पुस्तकातला धडा नाही. वर्गात दरवर्षी कुणीतरी असतंच ज्याच्या घरात पेशंट आहे किंवा जो स्वतः वाहक आहे. तेव्हा हिमोग्लोबिन घेतलं आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत तयार झालेलं कायमेराएक्स उतरवून घेतलं. प्रोटीनची त्रिमितीय रचना पडद्यावर पाहायचा आणि मोजायचा हा प्रोग्राम. शिक्षण-संशोधनासाठी फुकट आहे. आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, पंखा मात्र गिरणीसारखा वाजतो.

प्रश्न साधा वाटला होता: या प्रोटीनमध्ये कुठलं अमिनो आम्ल कुणाला टेकलंय? पहिल्याच दिवशी २एचएचबी उघडलं. हा प्रोटीन डेटा बँकेतल्या फाइलचा कोड. हे ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचं १९८४ चं स्ट्रक्चर, म्हणजे अणूंची मोजलेली मांडणी; रिझोल्यूशन (किती बारीक दिसतं ते) १.७४ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). 'कॉन्टॅक्ट्स' कमांड दिली, तर पडद्यावर तुटक रेषांचं असं जंजाळ उभं राहिलं की मागे बसलेली पोरगी म्हणाली, "मॅडम, हे तर कोळिष्टक झालं." मग कळलं की कमांडला बाजू सांगाव्या लागतात: या साखळीतले अणू इकडे, त्या साखळीतले तिकडे, फक्त त्यांच्यातलंच दाखव. तेवढं शिकल्यावर चित्र निवळलं.

निवळलेल्या चित्रानेच मला पहिल्यांदा फसवलं. २एचएचबीत ए आणि सी या अल्फा साखळ्या, बी आणि डी या बीटा. ऑक्सिजन आल्यावर जी फट (दोन साखळ्या एकमेकींना भिडतात तो सांधा) सरकते ती ए आणि डी यांच्यामधली, म्हणजे पुस्तकातली अल्फा१-बीटा२. तिथले कॉन्टॅक्ट मोजून ठेवले. मग तुलनेला ऑक्सिजन असलेलं १एचएचओ उघडलं. त्यात ए आणि बी एवढ्या दोनच साखळ्या दिसल्या. मोजल्या. आकडा बराच मोठा आला! दोन दिवस मी आणि माझी विद्यार्थिनी 'ऑक्सिजन आला की पकड घट्ट होते' या आनंदात होतो. हिमोग्लोबिनची रचना उलगडणाऱ्या पेरूट्झनी १९७० मध्ये नेमकं उलट सांगून ठेवलंय, की ऑक्सिजन नसलेली अवस्था जास्तीच्या सॉल्ट ब्रिजेसनी (विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीने झालेल्या जोडण्यांनी) आवळलेली असते, हे वर्गात मीच शिकवते. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

झालं असं होतं की १एचएचओच्या फाइलमध्ये अर्धाच रेणू असतो, एक अल्फा आणि एक बीटा. उरलेला अर्धा स्फटिकाच्या सममितीतून उभा करायचा असतो. आणि जी जोडी फाइलमध्ये आहे ती अल्फा१-बीटा१, हिमोग्लोबिनमधली मोठी, पक्की, फारशी न हलणारी फट. आम्ही एका घराची खिडकी मोजून दुसऱ्या घराच्या दाराशी तुलना करत होतो. फाइलच्या मजकुरात 'रिमार्क ३५०' खाली पूर्ण रेणू कसा बांधायचा ते लिहिलेलं असतं आणि कायमेराएक्समध्ये 'सिम' कमांडने तो बांधता येतो. बांधल्यावर दोन्ही अर्ध्यांत साखळ्यांची नावं तीच राहतात, ए-बी आणि पुन्हा ए-बी, म्हणून कमांडमध्ये मॉडेलचा नंबरही द्यावा लागतो. हे एकदा अंगवळणी पडलं की मजा येते. ऑक्सिजन नसताना अल्फाचं टायरोसीन ४२ (म्हणजे साखळीतल्या ४२ व्या जागेवरचं अमिनो आम्ल) आणि बीटाचं अ‍ॅस्पार्टेट ९९ यांच्यात हायड्रोजन बंध दिसतो. ऑक्सिजन आल्यावर तो सुटतो आणि अल्फाचं अ‍ॅस्पार्टेट ९४ बीटाच्या अ‍ॅस्परजीन १०२ चा हात धरतं. दोन अर्धे एकमेकांच्या तुलनेत साधारण १५ अंशांनी फिरतात. इतकी वर्षं फळ्यावर खडूने काढलेलं हे प्रकरण माउसने फिरवून पाहताना मला खरंच भरून आलं, खोटं का बोलू.

आता आकड्यांबद्दल, कारण डोकेदुखी तिथेच आहे. कायमेराएक्स नुसतं अंतर पाहत नाही. दोन अणूंच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्या (अणूचा बाहेरचा आकार) मिळवतं, त्यातून त्यांच्यातलं अंतर वजा करतं आणि उरेल त्याला ओव्हरलॅप म्हणतं. 'कॉन्टॅक्ट्स'ची मूळ मर्यादा उणे ०.४ अँगस्ट्रॉम, म्हणजे अणू एकमेकांना टेकले नसले, थोडी फट असली, तरी चालतं. 'क्लॅशेस' ही सख्खी बहीण, तिची मर्यादा अधिक ०.६, तिथे अणू एकमेकांत घुसलेले असावे लागतात. मूळ मर्यादा बदलता येते आणि बदलली की आकडा बदलतो, हे उघड आहे. उघड नव्हतं ते पुढचं: फाइलमध्ये हायड्रोजन नसतील तर प्रोग्राम कार्बनची त्रिज्या थोडी फुगवून धरतो, न दिसणारे हायड्रोजन त्यात सामावून. 'अ‍ॅडएच'ने हायड्रोजन घातले की त्रिज्या बदलतात, अणू वाढतात आणि तीच फट वेगळा आकडा देते. एका विद्यार्थ्याने हायड्रोजन घालून मोजलं होतं, दुसरीने न घालता. दोघंही बरोबर, तक्ते मात्र जुळेनात. दोघांची आठवडाभर बोलचाल बंद.

शिवाय यादी अणूंच्या जोड्यांची असते, रेसिड्यूंच्या (साखळीतल्या एकेका अमिनो आम्लाच्या) नाही. एका फेनिलअ‍ॅलनीनची कडी शेजारच्या ल्यूसीनला पाच ठिकाणी टेकली तर पाच ओळी येतात. आणि साखळी ए म्हटलं की त्या साखळीच्या नावावर नोंदलेले हीम (ऑक्सिजन धरणारा लोहाचा भाग) आणि पाण्याचे रेणूही सोबत येतात. फक्त प्रोटीन हवं असेल तर तसं सांगायचं. रेसिड्यूंचा नकाशा हवा असेल तर आम्ही बायोपायथन या पायथन भाषेतल्या साधनाने वेगळा काढतो: बीटा कार्बन (अमिनो आम्लाच्या बाजूच्या फांदीतला पहिला कार्बन) ते बीटा कार्बन ८ अँगस्ट्रॉमच्या आत असले की संपर्क, ग्लायसीनला ती फांदीच नसते, म्हणून तिथे कण्यातला अल्फा कार्बन. रचना-भाकितांच्या कॅस्प स्पर्धेत हीच व्याख्या चालते. ती ढोबळ आहे, पण दोन रचना शेजारी ठेवून पाहायला बरी. टायरोसीन ४२ कुणाशी बोलतंय हे मात्र तिच्यातून कळायचं नाही.

हिस्टिडीनचा मुद्दा स्वतंत्र लेखाचा आहे, पण थोडक्यात. बीटा साखळीचं शेवटचं हिस्टिडीन १४६, ऑक्सिजन नसताना, आपल्याच साखळीतल्या अ‍ॅस्पार्टेट ९४ शी सॉल्ट ब्रिज करतं. बोर परिणामातला (आम्लता वाढली की हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं त्यातला) मोठा वाटा याच हिस्टिडीनने प्रोटॉन धरण्याचा आहे. १.७४ अँगस्ट्रॉमला हायड्रोजन दिसत नाहीत, म्हणजे प्रोटॉन आहे की नाही हे 'अ‍ॅडएच' आजूबाजूचे हायड्रोजन बंध पाहून ठरवतं. अंदाज चांगला असतो, पण तो अंदाज आहे. विद्यार्थिनीने प्रबंधात 'स्ट्रक्चरमध्ये प्रोटॉन दिसतो' असं लिहिलं होतं, ते वाक्य मी लाल पेनाने खोडलं. 'एचबॉन्ड्स' कमांडही आदर्श भूमितीवर ०.४ अँगस्ट्रॉम आणि २० अंशांची सूट देऊन चालते, तेव्हा काठावरच्या बंधांवर फार विसंबू नये.

सिकलसेलसाठी २एचबीएस हे स्ट्रक्चर घ्या. त्यात बीटाच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आहे आणि ते शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूच्या बीटा साखळीतल्या फेनिलअ‍ॅलनीन ८५ आणि ल्यूसीन ८८ च्या खोबणीत जाऊन बसतं. प्रत्येक रेणूत असे दोन व्हॅलीन असतात, बाजूच्या रेणूशी जोडणाऱ्या संपर्कात त्यातला एकच कामाला येतो. हे पोरांना पडद्यावर दाखवलं की वर्ग एकदम शांत होतो. एवढाच एक चेतावणीचा शब्द: जनुक-तपासणीच्या अहवालात हाच बदल सातव्या जागी लिहिलेला असू शकतो, कारण तिथे सुरुवातीचं मेथिओनीनही मोजतात. अल्फाफोल्ड या रचनेचं भाकीत करणाऱ्या प्रोग्रामच्या मॉडेलमध्येही क्रमांक मेथिओनीनपासूनच सुरू होतो. हे तक्ते आणि २एचबीएसचे तक्ते एकमेकांवर ठेवलेत तर सगळंच एका घराने सरकतं.

इतर साधनांपैकी इटलीतल्या पादुआ विद्यापीठाचं रिंग पाहिलं. ते रेसिड्यूंचं जाळं थेट बनवून देतं आणि सायटोस्केप या जाळी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडता येतं. मोठ्या प्रोटीनसाठी मला ते जास्त सोयीचं वाटलं. आणखी एका ऑनलाइन सर्व्हरवर, नाव नको, आमचं काम तीन दिवस रांगेत पडून राहिलं आणि चौथ्या दिवशी रांगच गायब. तेव्हापासून जे लॅपटॉपवर होतं ते लॅपटॉपवरच.

कायमेराएक्सचं माझ्या मते सगळ्यात मोठं सुख म्हणजे कमांडची फाइल ठेवता येते. माउसने केलेलं काम दुसऱ्या दिवशी मलाच आठवत नाही. फाइल पुन्हा चालवली की तीच रेघ, तोच आकडा. त्या भांडलेल्या दोघांपैकी मुलीने नवा तक्ता आणून दिला तेव्हा पहिल्या ओळीत एकही आकडा नव्हता. स्ट्रक्चरचा कोड, पूर्ण रेणू बांधला का, हायड्रोजन घातले का, पाणी आणि हीम वगळले का, ओव्हरलॅपची मर्यादा किती. खाली तिने त्या मुलाचं नावही टाकलं होतं, 'पडताळणी' म्हणून.