ई-सायकलची सीट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोटर, बॅटरी आणि ब्रेक यांविषयी माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. २५० वॉटची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा, म्हणून नोंदणीही नको आणि परवानाही नको, यावर सर्वांचे पुरेसे लिहून झाले आहे. कोथरूड ते शिवाजीनगर अशी आठ महिने रोज ये-जा केल्यानंतर मला लिहायचे आहे ते केवळ सीटविषयी, कारण गेल्या महिन्यात एका गतिरोधकावर सीटखालची सळई तुटली आणि सीट वॉरंटीत बसत नाही असे सांगून सेवा केंद्राने विषय संपवला. वॉरंटीत न बसणाऱ्या त्या सीटवर मलाही वीस मिनिटांपेक्षा अधिक बसवत नव्हते, हे सांगण्याची संधी त्यांनी दिली नाही.

सुरुवातीला दोष माझ्या वयाचा आहे असे मी धरून चाललो होतो. साध्या सायकलवर हा त्रास कधी झाला नव्हता आणि ही सीट तर त्या सीटपेक्षा रुंद आणि मऊ होती. कारण लक्षात यायला दोन महिने गेले. साध्या सायकलवर जोर लावताना शरीराचे बरेच वजन पायांवर येते आणि खड्डा दिसला की माणूस नकळत सीटवरून उठतो. ई-सायकलवर थ्रॉटल पिळला की पाय स्वस्थ, पेडल स्थिर आणि सगळे वजन सीटवर. थोडक्यात, ही सायकल आपल्याला स्कूटरसारखे बसवते, मात्र स्कूटरचे मागचे शॉकअप देत नाही. पुढच्या चाकाला शॉकअप आहेत, पण त्यांचा फायदा मनगटांना होतो. मागच्या चाकात मोटरचे वजन असल्याने तिकडचा दणका उलट अधिक कडक बसतो.

तिसऱ्या महिन्यात मी साडेतीनशे रुपयांचे जेलचे कव्हर घेतले आणि पहिल्या आठवड्यात चार जणांकडे त्याची शिफारसही केली. ती शिफारस मी आता मागे घेत आहे. जेल बसल्याबरोबर सुखावते, परंतु दहा मिनिटांत ते बसताना ज्यांवर भार येतो त्या दोन हाडांखालून बाजूंना सरकते आणि नको तिथे, म्हणजे मधल्या नाजूक भागावर, दाब वाढतो. शिवाय कव्हर वळणावर डावी-उजवीकडे फिरते आणि उन्हात उभ्या केलेल्या सायकलवर ते तव्यासारखे तापते.

त्यानंतर मी खर्च थांबवून मोजमाप सुरू केले. जिन्याच्या पायरीवर पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून त्यावर ताठ बसलो, पाय थोडे उचलले आणि उठल्यावर त्या दोन हाडांमुळे पुठ्ठ्यावर पडलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतील अंतर मोजले. ते ११८ मिलिमीटर भरले. माझ्यासारख्या जवळजवळ ताठ बसणाऱ्याला त्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर रुंद सीट पुरते, आणि कंपनीची सीट होती २५० मिलिमीटरची. पेडल मारताना मांड्या कडेला घासत होत्या त्या यामुळेच.

उंचीच्या बाबतीत मात्र चूक माझी होती. सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत म्हणून मी सीट खाली ठेवली होती. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ व्हावा, एवढी ती वर घेतल्यावर पायांनी पुन्हा वजन उचलायला सुरुवात केली. मागच्या टायरमधील हवाही ५५ वरून ४५ पीएसआयवर आणली, अर्थात टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेच्या आत राहून. या दोन फुकटच्या उपायांनी निम्मा त्रास गेला, याची मला अजूनही थोडी चीड आहे.

उरलेल्या निम्म्या त्रासासाठी स्प्रिंगचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा सायकलच्या सांगाड्याच्या नळीत बसणारा दांडा, घ्यायचे ठरवले आणि येथून माझी खरी परवड सुरू झाली. पोस्टचा व्यास पुस्तिकेत कुठेही दिलेला नाही. सेवा केंद्राने फोनवर २७.२ मिलिमीटर असे ठामपणे सांगितले, म्हणून मी चौदाशे रुपयांचा पोस्ट मागवला, तो नळीत टाकला आणि तो विहिरीत पोहरा सोडल्यासारखा सरळ आत गेला. मग मूळ पोस्ट बाहेर काढून पुसला, तर त्याच्या तळाशी, किमान खोलीच्या रेषेखाली (पोस्ट निदान या रेषेपर्यंत नळीत असावा लागतो), ३०.४ असा आकडा ठोकलेला होता. नवा पोस्ट परत घ्यायला विक्रेता तयार नव्हता, कारण त्यावर एव्हाना ओरखडे पडले होते. शीतपेयाचा डबा कापून त्याचा पत्रा गुंडाळण्याचा प्रयत्नही मी केला, परंतु १.६ मिलिमीटरची फट भरायला त्याचे पंधरा-सोळा वेढे लागले असते. अखेर एका लेथवाल्याने ॲल्युमिनियमच्या नळीतून बाजूने चीर दिलेला बूश, म्हणजे फट भरणारे नळकांडे, दीडशे रुपयांत कातून दिला. तो घट्ट बसला आहे आणि आजवर तसूभरही हललेला नाही. मागवण्यापूर्वी मूळ पोस्ट उपसून तळाचा आकडा वाचावा, एवढे जरी कोणी येथून घेतले तरी माझे दीडशे रुपये वसूल झाले.

पोस्टमध्ये खालून ॲलन चावीने स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येतो. माझ्या ७८ किलो वजनाला तो आला तसा फारच मऊ होता आणि प्रत्येक पेडलला सीट खालीवर होत असे. तीन फेरे आवळल्यावर ते थांबले आणि आता स्प्रिंग केवळ खड्ड्यातच दबते. बसल्यावर पोस्ट थोडा खचतो, तेवढी सीट आणखी वर घ्यावी लागते. स्प्रिंगच्या भागाची स्वतःची उंचीही असल्यामुळे सीट पूर्वीइतकी खाली जात नाही, परिणामी माझ्या पत्नीला ही सायकल आता चालवता येत नाही. हा तोटा मी खरेदीपूर्वी विचारात घेतला नव्हता आणि घरात त्याची आठवण मला नियमितपणे करून दिली जाते.

सळई तुटल्यावर घेतलेली नवी सीट १६५ मिलिमीटर रुंद, कडक फोमची आणि मधे खाच असलेली आहे. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिली तेव्हा ती पाटासारखी लागली आणि साडेसातशे रुपये वाया गेले असे वाटले. पहिले चार दिवस दुखलेही. आता मात्र जाऊन-येऊन १६ किलोमीटर झाले तरी सीटची आठवण होत नाही. सीटचे नाक, म्हणजे पुढचे टोक, किंचित खाली झुकले होते तेव्हा शरीर पुढे घसरून तळहातांवर भार येत असे, तेही पातळीदर्शक ठेवून सरळ केले आहे.

जेलचे कव्हर सध्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर आहे आणि तेथून त्याच्याविषयी एकही तक्रार आलेली नाही.