पुणे महापालिकेचा ‘नागरिकांचा सहभाग’ अर्ज: सुरुवात चांगली, पण अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर सोडू नका

पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आपल्या भागातले काम सुचवा, असे आवाहन पुणे महापालिका दर वर्षी करते. ही पद्धत 2006 पासून चालत आली आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो आणि महापालिकेच्या संकेतस्थळावरूनही भरता येतो. घोले रस्त्यापासून हडपसर-मुंढव्यापर्यंत अशी 15 कार्यालये आहेत. अर्जाला शुल्क लागत नाही आणि कोणाची शिफारसही लागत नाही. नगरसेवकांनी सुचवलेली कामे अंदाजपत्रकाच्या ‘स’ नावाच्या वेगळ्या यादीत जातात. ज्याची कोणाशी ओळख नाही अशा माणसाला अंदाजपत्रकाच्या पुस्तकात शिरायची ही एवढीच सरळ वाट आहे, म्हणून ती जपायला हवी. अर्जाच्या सोयीला आम्ही पाचपैकी चार गुण देऊ. त्यानंतरच्या पाठपुराव्याच्या सोयीला दीडच.

एका कामाची मर्यादा बरीच वर्षे 5 लाख रुपये राहिली आहे. भरण्याआधी त्या वर्षीच्या अर्जावरचा आकडा बघा आणि हिशेब मांडूनच काम सुचवा. समजा 120 मीटर लांब आणि 1.8 मीटर रुंद पदपथ हवा आहे. क्षेत्रफळ झाले 216 चौरस मीटर. 5 लाखांतून 18 टक्के जीएसटी बाजूला काढला की चौरस मीटरला साधारण 1,960 रुपये उरतात. त्यातच जुन्या फरशा काढणे, राडारोडा उचलणे, कर्ब (पदपथाच्या कडेचे दगड) आणि खालचा थर. इतके सगळे बसत नाही, मग अभियंता शेरा मारतो: ‘मर्यादेबाहेर’. त्याच रस्त्यावरचे दोन तुटलेले टप्पे आणि पदपथावर चढायचे चार उतार मागितले, तर काम मर्यादेत बसण्याची शक्यता खूप वाढते.

उताराचे माप अर्जातच लिहावे. कर्बची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक (आयआरसी 103) सांगते. एकास बारा हे उताराचे प्रमाण धरले तर 150 मिलिमीटर कर्बला 1.8 मीटर लांबीचा उतार लागतो. हे लिहिले नाही की अर्ध्या मीटरचा घसरडा तुकडा बसतो, व्हीलचेअर त्यावर चढत नाही आणि कागदोपत्री मात्र काम पूर्ण होते.

अर्ज बाद होतात ते बहुतेक तीनच कारणांनी. पहिले, जागा महापालिकेच्या ताब्यात नाही: सोसायटीचा अंतर्गत रस्ता, विकास आराखड्यात दाखवलेला पण ताब्यात न आलेला रस्ता, राष्ट्रीय महामार्गाचा सेवा रस्ता. दुसरे, पत्ता मोघम. ‘कोथरूडमध्ये दिवे लावा’ याचा अंदाज कोणी काढू शकत नाही. ‘अमुक शाळेच्या फाटकापासून तमुक चौकापर्यंत, डावी बाजू, चार खांब’ असे लिहावे. जवळच्या खांबाचा क्रमांक आणि दोन फोटो जोडावेत. तिसरे, ती तक्रार असते, काम नसते. खड्डा, बंद दिवा, तुंबलेले चेंबर यांच्यासाठी महापालिकेची ‘पीएमसी केअर’ ही तक्रार सेवा आहे. एका दिव्यासाठी पुढच्या एप्रिलची वाट बघण्यात अर्थ नाही.

वाहतुकीच्या मागण्यांत जास्त गोंधळ होतो, कारण पुण्यात रस्ता एकाचा, बस दुसऱ्याची आणि सिग्नलचा निर्णय तिसऱ्याचा. बस चालवणारी पीएमपीएमएल ही 2007 मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या जुन्या बससेवा एकत्र करून झालेली स्वतंत्र कंपनी आहे. तिची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका 60:40 प्रमाणात भरून काढतात. नवा मार्ग, फेऱ्या किंवा थांबा हलवणे हे या अर्जातून होत नाही, त्याचे पत्र थेट कंपनीला द्यावे लागते. थांब्यापुढचा पदपथ, तिथला दिवा, झेब्रा पट्टे हे मात्र पथ आणि विद्युत विभागाचे, ते इथे मागता येते. गतिरोधकासाठी आधी वाहतूक पोलिसांची संमती घ्या आणि तिची प्रत अर्जाला लावा. मापही लिहा: 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच. अरुंद, उभट उंचवटा दुचाकीवरच्या माणसाच्या पाठीवर उठतो.

अर्ज देताना आवक क्रमांकाची पोच घ्या, ऑनलाइन भरला तर पडद्याचा फोटो ठेवा. मग प्रभाग समितीच्या सभेची तारीख विचारा. लोकवस्तीच्या इतक्या जवळ होणारी दुसरी वैधानिक सभा नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने ती आली, पण तिथे नागरिक फार थोडे दिसतात. मोहल्ला कमिटीतही (क्षेत्रीय कार्यालयातली नागरिकांची बैठक) विषय मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या. सगळ्या नगरसेवकांच्या मुख्य सभेच्या गॅलरीत बसून ऐकता येते, बोलता येत नाही. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा हे ऐकणेही बंद पडले होते, ही मोठी उणीव होती.

जानेवारीच्या सुमारास आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, समिती फेरफार करून ते मुख्य सभेपुढे ठेवते. मंजूर झाले की पुस्तकात आपले काम शोधा आणि त्याचे अर्थशीर्षक (ज्या नोंदीखाली पैसे ठेवले ती) लिहून ठेवा. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि खरी गळती इथूनच सुरू होते. तरतूद म्हणजे काम नव्हे. पुढे पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज), निविदा आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) व्हायचा असतो. तो झाला नाही तर पडून राहिलेला निधी वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे वळू शकतो. म्हणून जूनमध्ये कनिष्ठ अभियंत्याला भेटून पूर्वगणनपत्रक झाले का ते विचारा, पावसाळा संपताच निविदेचे विचारा. वर्गीकरणाचे प्रस्ताव स्थायी समितीच्या कार्यपत्रिकेत असतात, त्यावर नजर ठेवा.

तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करा. त्यात ‘कामाचे काय झाले’ असे विचारू नका. अर्थशीर्षक देऊन पूर्वगणनपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापे लिहिलेली वही) पानांच्या प्रती मागा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. मोजमाप पुस्तिका हातात आली की टेप घेऊन जागेवर जा आणि लिहिलेली लांबी पदपथावर भरते का ते मोजा.