रशियाला बेदाणा पाठवायचा, तर पैसे कोणत्या वाटेने आणायचे?

सांगली-तासगावच्या सौद्यात घेतलेला बेदाणा रशियाला पाठवता येतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर चढाई केल्यावर अमेरिका आणि युरोपीय संघाने निर्बंधांचा सपाटा लावला, पण खाद्यपदार्थ आणि औषधे त्यातून वगळली. अमेरिकेच्या अर्थखात्याने शेतमाल आणि औषधांसाठी वेगळा सर्वसाधारण परवानाही काढला आहे. सुरक्षा परिषदेत रशियाकडे नकाराधिकार असल्याने संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आलेच नाहीत, आणि भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचेच निर्बंध मानतो. तरीही बरेच सौदे अडतात ते पैशापाशी. त्यामुळे गिऱ्हाईक कितीही चांगले असले तरी आधी वाट ठरवावी आणि मग भाव.

वाटा तीन आहेत: डॉलर-युरो, रुपया आणि दुबईमार्गे दिरहम.

डॉलर-युरोची वाट सवयीची आहे आणि आज सगळ्यांत बेभरवशाची. मार्च २०२२ मध्ये सात रशियन बँका स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यातून, बाहेर काढल्या गेल्या. जूनमध्ये स्बेरबँक आणि शेतीकर्ज देणारी रोस्सेलखोजबँक त्याच रांगेत गेल्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये गाझप्रॉमबँकेवर अमेरिकेचे निर्बंध आले. गिऱ्हाइकाची बँक निर्बंधांच्या यादीत नसली तरी डॉलर न्यूयॉर्कमधल्या मध्यस्थ बँकेतून जातो आणि तिथे तपासणी होते. तिथे दोन गोष्टी होऊ शकतात. रक्कम नाकारली गेली तर ती गिऱ्हाइकाकडे परत जाते. वेळ जातो, पैसा बुडत नाही. रक्कम गोठवली गेली तर ती अमेरिकी बँकेतच अडकते आणि सोडवायला तिथल्या अर्थखात्याचा परवाना लागतो. एका कंटेनरच्या बेदाण्यासाठी त्या फंदात कोण पडणार? आणखी एक मेख मालकीची. निर्बंधित व्यक्तींची मिळून ५० टक्के किंवा अधिक मालकी असलेली कंपनी, तिचे नाव यादीत नसले तरी, अमेरिकेच्या लेखी निर्बंधितच असते. म्हणून गिऱ्हाइकाचे नाव यादीत शोधून भागत नाही, भागधारकांचा तपशील मागवावा लागतो.

रुपयाची वाट रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने उघडली. रशियन बँक भारतीय बँकेत विशेष रुपया व्होस्ट्रो खाते (परदेशी बँकेचे भारतातले रुपयांचे खाते) उघडते. भारतीय आयातदार रशियन मालाचे रुपये त्यात भरतात आणि त्याच खात्यातून आपल्या निर्यातदाराला पैसे मिळतात. न्यूयॉर्कची मध्यस्थ बँक वाटेत येत नाही. निर्यात प्रोत्साहनाचे लाभ अशा रुपयातल्या वसुलीवरही मिळतील, असे परकीय व्यापार महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

इथे बघायचे ते खात्यात पुरेसे रुपये आहेत का. २०२४-२५ मध्ये भारताने रशियाकडून सुमारे ६४ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि विकला जेमतेम ५ अब्जांचा. रुपये साचून पडलेत, वापरता येत नाहीत, अशी तक्रार रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी मे २०२३ मध्ये गोव्यात केली होती. त्यांची ती अडचण निर्यातदाराच्या पथ्यावर पडते, कारण त्याला द्यायला खात्यात रुपये असतात. इराणच्या बाबतीत उलट झाले. तिथेही युको बँकेतून रुपयाची सोय होती, पण मे २०१९ नंतर भारताने इराणी तेल घेणे थांबवले, खात्यात भर पडेना आणि बासमती-चहाच्या निर्यातदारांची देणी रखडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने रॉसनेफ्ट आणि ल्युकऑइल या रशियन तेल कंपन्यांवर निर्बंध घातले; तेलाची खरेदी घटली तर इथेही खात्यातली भर घटेल. म्हणून तेलाच्या बातम्यांवर बेदाणेवाल्यानेही नजर ठेवावी.

रुपयात आगाऊ रक्कम घेता येते. मात्र आधी पूर्ण झालेल्या निर्यातीची देणी भागवूनच बँकेने ती द्यावी, असा नियम आहे. त्यामुळे खात्यात शिल्लक किती आणि रांग किती, हे बँकेला विचारून घ्यावे. तालुक्याच्या शाखेत व्होस्ट्रो म्हटल्यावर बहुतेक वेळा कोरा चेहरा दिसतो. सरळ परकीय चलन विभाग असलेल्या शाखेशी बोलावे.

दिरहमची वाट गिऱ्हाइकांना आवडते, कारण अनेकांनी दुबईत कंपन्या काढल्या आहेत. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे विनिमयाची जोखीम डॉलरइतकीच. पण डिसेंबर २०२३ मध्ये, रशियाच्या लष्करी उद्योगाशी व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकांवरही कारवाई करू, असा आदेश अमेरिकेने काढला आणि अमिरातीतल्या बँका कडक झाल्या. शिवाय माल घेणारा मॉस्कोचा आणि पैसे देणारा दुबईचा असेल, तर तो तिऱ्हाइताकडून आलेला पैसा ठरतो. त्याला मुभा आहे, पण निर्यातीच्या घोषणापत्रातच तसे नोंदवावे लागते आणि पैसा बँकेमार्फतच यावा लागतो. माल निघाल्यावर गिऱ्हाइकाने अचानक दुसऱ्याच कंपनीच्या नावाने पैसे पाठवले, तर बँक शिपिंग बिलाशी (सीमाशुल्क खात्याकडच्या निर्यातीच्या कागदाशी) रक्कम जुळवत नाही; नोंद उघडी राहते आणि पुढच्या निर्यातीला अडथळा येतो.

पहिल्यांदा पाठवणाऱ्याने रुपया निवडावा, असे आमचे मत आहे. दिरहम फक्त दुबईची कंपनी स्वतः करारात खरेदीदार असेल तेव्हा. डॉलर तेव्हाच, जेव्हा तुमची बँक त्या विशिष्ट रशियन बँकेचे नाव घेऊन लेखी होकार देईल.

करारात भाव, चलन, पैसे पाठवणाऱ्या बँकेचे नाव आणि ती बँक मधेच यादीत गेली तर पर्यायी बँक कोणती, हे चारही लिहून घ्या. चौथे कलम हमखास राहते. जहाजाचे नाव आणि मालक तपासा. मार्च २०२२ नंतर मर्स्कसारख्या मोठ्या कंपन्यांनी रशियाचे बुकिंग थांबवले, त्यामुळे अनोळखी नावे पुढे येतात. उधारीचा विमा गृहीत धरू नका, ईसीजीसीकडून (निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडून) रशियासाठी मर्यादा लेखी मंजूर करून घ्या.

बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये थांबू शकतो. म्हणून पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय माल न्हावा शेवाला हलवू नये, अशी अट घालायला वाव आहे. ताज्या द्राक्षाला ती चैन नाही. रीफर (थंड कंटेनर) भरला की घड्याळ सुरू होते आणि नोव्होरोसिस्क या रशियन बंदरात माल पडून राहिला तर भाडे-दंड मालाच्या किमतीला गाठतो. द्राक्षासाठी निदान निम्मी रक्कम भरणीपूर्वी आणि उरलेली मूळ बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची पावती, जिच्यावर माल सोडवतात) देण्याआधी घ्यावी.

कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतून सुटे भाग पाठवणाऱ्यांनी मात्र यातले काही लावून घेऊ नये. बेअरिंग, सीएनसी यंत्रे यांसारख्या ५० वर्गांच्या वस्तू रशियाच्या युद्धात वापरल्या जाऊ शकणाऱ्या वस्तूंच्या अमेरिका-युरोपच्या प्राधान्य यादीत आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातलेल्यांत भारतीय कंपन्याही होत्या. तिथे रुपयात पैसे आले तरी कंपनीचे नाव यादीत जाऊ शकते; शेतमालाची सूट त्यांना मिळत नाही.